दूध लोकांचं आहे

१४ ऑक्टोबर, सोमवार

मास्तर,

मी मेले आहे हे मला काल सकाळी कळलं. तुला बरीच वर्षं ठाऊक होतं म्हणे. मला कुणी सांगितलं नाही.

आशीर्वाद लिहीत नाही. मेलेल्या बाईचे लागतात की उलटे बसतात ते मला माहीत नाही. तू शिकलेला आहेस, तूच बघ. हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकते आहे, घरच्या नाही. का, ते पुढे कळेल. दार लावून वाच. शिपायासमोर तुझं तोंड उतरलं तर तो विचारेल काय झालं, आणि तुला सांगावं लागेल की आई वारली. पुन्हा.

कालपासून काहीच धड होत नाही, अक्षरही असं आलंय. सकाळी धार काढायला बसले तर अर्धं दूध बादलीबाहेर. गाईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. असं तिने कधी बघितलं नव्हतं. मग चहात साखरेऐवजी मीठ घातलं, प्यायलेसुद्धा, आणि कप धुताना कळलं की काहीतरी चुकलं होतं. आरशात जाऊन बघून आले. आहे तशीच आहे. दात एक कमी.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तू म्हणशील म्हातारी बरळते.

तुझी भाची, ताईची मुलगी, माझ्याकडे असते. ताई दवाखान्यात नर्स, तिच्या पाळ्या बदलत्या, म्हणून पोरगी इथेच वाढली. तिला मी भिंगरी म्हणते, कारण ती एका जागी ठरत नाही. आता मोठी झाली, तर पळते. कुणी मागे लागलेलं नसताना पळते. सकाळी उठून डोंगराच्या धारेवर जाते, नदीच्या कडेने परत येते, आणि घरी आल्यावर म्हणते, आजी भूक लागली. मी म्हणते, मग गेलीस कशाला? तिच्यासारखे पुष्कळ आहेत म्हणे. शहरातून गाड्या करून येतात, अंगाला चिकटलेले कपडे घालतात, छातीवर आकडे लावतात आणि खिंडीपासून पुलापर्यंत आपल्या खोऱ्यातून पळत सुटतात. चढावर चालतात, उतारावर पळतात, पुलावर पोचले की एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी विचारलं, कोण गेलं? भिंगरी म्हणाली, "आजी, आनंदाने रडतात." असेल.

यंदा त्यांची वाट आखायचं काम भिंगरीकडे. तिला ती आपल्या अंगणातून काढायची होती. जुनी वाट तीच ना. वरचा गोठा, मुरमाचा उतार, ओढा, दोन कुरणं, आपलं फाटक, अंगण, मग खाली पूल. तू दुधाची किटली घेऊन रोज पळायचास तीच. मी म्हटलं, शंभर माणसं माझ्या अंगणातून उधळली तर गाय आटेल आणि कोंबड्या अंडी घालायच्या विसरतील. तुझे पळपुटे ने कुठे न्यायचे तिकडे. दोन दिवस आमची जुंपली. शेवटी तिने लाल फिती बांधून वाट नदीकडून वळवली, आणि मी आपल्या फाटकाला तार गुंडाळून ठेवली. उगाच कुणी चुकून यायला नको.

काल ती पळापळ होती. मी कोंबड्यांना दाणे टाकत होते. फाटक वाजलं. बघते तर एक बाई फाटकावर चढलेली, एक पाय इकडे, एक तिकडे.

"ओ बाई! फिती दिसत नाहीत का? नदीकडून जा!"

"माफ करा आजी," ती धापा टाकत म्हणाली, "पण वाट इथूनच जाते."

"कुणी सांगितलं?"

"माझ्या नवऱ्याने."

"मग नवऱ्याला सांग, वाट बदलली. त्याला विचारून बदलायची राहिली."

ती हसली आणि हसता हसता उडी मारली. सरळ कोंबड्यांच्या पाण्याच्या पाटीत पाय. घोटा मुरगळला. कोंबड्या चौफेर उधळल्या. मी मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या, मोठ्याने एक, आणि तिला धरून ओट्यावर आणून बसवलं. पाणी दिलं. घोट्याला ओलं फडकं गुंडाळायला घेतलं. बाई चांगली आहे. पाय दाबला तरी ओरडली नाही, नुसते डोळे मिटले.

मी म्हटलं, "सगळे नदीकडून गेले, तूच कशी इकडे वळलीस?"

"फिती दिसल्या हो मला. पण कुरण आलं आणि पाय आपोआप इकडे वळले. आमच्या घरी ही वाट रोज रात्री म्हणतात. मुलीला झोपवताना." आणि मुलं पाढे म्हणतात तशी ती म्हणायला लागली. "वरच्या गोठ्यापासून सुटायचं. मुरमाच्या उतारावर टाचा टेकायच्या नाहीत. ओढ्यातला मधला दगड हलतो, तो सोडायचा. दोन कुरणं. मग फाटक. फाटकापाशी आई उभी."

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं.

"कोण आई?" मी विचारलं.

"माझ्या सासूबाई. इथेच कुठेतरी घर होतं त्यांचं. पुरात गेलं. त्याही गेल्या. मला बघायलासुद्धा मिळाल्या नाहीत." ती एक घोट पाणी प्यायली आणि तिने माझ्याकडे बघितलं. "आजी, तुम्ही इथल्याच ना? तुम्ही ओळखत होता का त्यांना?"

मास्तर, तुझी बायको माझ्या ओट्यावर बसून, माझ्या हातचं पाणी पीत मला विचारत होती की मी मला ओळखत होते का.

पुढचं आज लिहवत नाही.

तुझी
कै. आई

१५ ऑक्टोबर

मास्तर,

कालचं पत्र टपालात पडलं, आता हे मागोमाग. तू म्हणत असशील, तेव्हाच तोंड उघडून का नाही सांगितलंस. मीही तेच म्हणते आहे. माझी दातखिळी बसली. माझी! बाजारात माझ्याशी घासाघीस करायला लोक दोघं-दोघं मिळून येतात, आणि मी माझ्याच ओट्यावर मुकी झाले. डोक्यात एकच चाललं होतं, हिने प्यायलेलं भांडं विसळायचं राहिलं.

शेवटी म्हटलं, "ओळखत होते. थोडीफार."

तिचा चेहरा असा उजळला की मला भीती वाटली. "कशा होत्या हो?"

"तुझा नवरा काय सांगतो?"

"म्हणतात, फार शांत होत्या. कधी आवाज चढवला नाही. संध्याकाळी दिव्याशी बसून त्यांना गोष्टी वाचून दाखवायच्या. आणि हे दूध घेऊन निघाले की फाटकापाशी उभ्या राहून म्हणायच्या, हळू जा रे राजा."

मेलेली चालले असते रे. माणूस मरतं, त्याला इलाज नाही. पण गोड? मला मारलंस ते मारलंस आणि वर साखरेत घोळवून ठेवलंस? मी दुसरीत दोनदा नापास. आजही अवघड जोडाक्षर आलं की मी वळसा घालून दुसरा शब्द शोधते. मी तुला काय वाचून दाखवणार होते, गाईच्या औषधाची बाटली? आणि मी तुला जन्मात कधी राजा म्हटलेलं नाही. फाटकापाशी उभी राहून मी काय ओरडायचे ते तुला पक्कं आठवतं. "कोपर आवळ, बावळटा! पायांकडे बघू नकोस! दूध आपलं नाही, लोकांचं आहे!" खोऱ्याच्या पलीकडच्या अंगाला गुरं राखणारे मान वर करून बघायचे. त्या ओरडण्यामुळे तू सांडायचा थांबलास. राजा म्हटलं असतं तर पुलावर रिकामी किटली पोचली असती.

तर ती शांत बाई कोण, ती मला माहीत नाही. माझ्या घरात ती कधी राहिली नाही.

मग माझं लक्ष आत गेलं. ओट्यावरून आतली भिंत दिसते. भिंतीवर तुझा फोटो. शाळेच्या शर्यतीतला, कप हातात धरलेला, कान बाहेर आलेले. तिने नुसती मान वळवली असती की संपलं. मी म्हटलं, "थांब, तेल आणते," आत गेले, फोटो काढला आणि पिठाच्या डब्यात खोल खुपसला. हाताला कोपरापर्यंत पीठ. का केलं मी असं? तूच सांग, का केलं? तुझं खोटं झाकायला मी माझ्याच घरात चोरासारखी फिरत होते.

तेल चोळताना ती बोलत होती. तिने फोनमधली मुलगी दाखवली. लग्नाचं तू दोन ओळींत कळवलं होतंस, मुलीचं तेवढंही नाही. सात वर्षांची. सारखी इकडून तिकडे चालते म्हणून तिला मुंगी म्हणतात. नाक तुझ्यावर गेलंय, बिचारीचं. शेजारी तू उभा होतास. डोक्यावरचं छप्पर उडालं की तुझं! पोटही आलंय. पळणाऱ्याचं पोट नाही ते.

ती म्हणाली, "मुंगी आजीचं चित्र काढते. फोटो एकही उरला नाही ना, सगळे पुरात गेले. मग ती मनानेच काढते. पांढरे केस, चष्मा, हातात पुस्तक."

मी चष्मा लावत नाही.

तेवढ्यात भिंगरी गाडी घेऊन आली. एक बाई पुलावर पोचलीच नाही म्हणून ती शोधत होती. धावत आत गेली, पाणी प्यायली आणि आतूनच ओरडली, "आजी, भिंतीवरचा मामाचा फोटो कुठे गेला?"

"उंदराने नेला!"

"एवढा मोठा फोटो?"

"मोठा उंदीर होता!"

तुझी बायको हसली नाही. ती आत भिंतीकडे बघत होती. फोटो होता तिथे भिंत पांढरी आहे, बाकी धुराने काळी. मी उठून मधे उभी राहिले.

जाताना तिने माझा हात धरला. म्हणाली, "आजी, डिसेंबरच्या सुट्टीत मुंगीला घेऊन येते. तिला वाट तोंडपाठ आहे, एकदा पायाखालून घालायची आहे. तुम्ही तिला तिच्या आजीबद्दल सांगाल ना? तुमच्याशिवाय सांगणारं कुणी नाही." मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही.

आता तू मला एवढंच लिही. मी कशाने मेले ते कळलं. का मेले ते सांग. आणि त्या दोघी यायच्या आत तिला खरं काय ते सांगून टाक. नाहीतर त्या येतील तेव्हा मी इथेच असेन, आणि मला तोंड आहे.

आई
(पुरातून)

९ नोव्हेंबर

मास्तर,

तुझं पत्र पोचलं. अक्षर सुरेख आहे. भूगोलाच्या मास्तरला शोभतं.

दोनदा वाचलं. पहिल्यांदा जोडाक्षरांमुळे काही ठिकाणी अडले, दुसऱ्यांदा अडखळले नाही, तरी वाचून झाल्यावर तशीच बसून राहिले. चुलीवरचं दूध उतू गेलं ते वासाने कळलं.

तू लिहितोस की सासऱ्यांनी पहिल्या भेटीत विचारलं, आई काय करते. सासरे प्राध्यापक, घरात गालिचा, भिंतभर पुस्तकं. आणि तुला एकदम वसतिगृहाचा व्हरांडा आठवला. मी शेणाच्या पायांनी तिथे आले होते आणि त्या अधीक्षकाला सगळ्या पोरांसमोर सोलून काढलं होतं. पोरं वर्षभर तुला माझ्या आवाजात हाका मारायची. म्हणून तुझ्या तोंडून निघून गेलं, आई आता नाही. एकदा निघालं ते निघालं. मग त्यांनी विचारलं कशी गेली, तर पूर आणलास. घर बघायचं म्हणाले, तर घर पाडलंस. फोटो मागितला, तर फोटो बुडवलेस. केवढी मेहनत केलीस रे! एवढ्या मेहनतीत मला एकदा भेटून गेला असतास.

त्या अधीक्षकाने तुला तापात फणफणत असताना व्हरांड्यात झोपवलं होतं. तो पुन्हा समोर आला तर पुन्हा सोलीन. तुझ्या सासऱ्यांच्या गालिच्यावर उभी राहून सोलीन.

पण हे सगळं मी गिळलं असतं. मला धक्का बसला तो शेवटच्या पानाने.

बायकोला आता खरं सांगितलं तर ती पुन्हा कधी विश्वास ठेवणार नाही, घर मोडेल, मुंगीचे हाल होतील. म्हणून तुझं म्हणणं असं, त्या येतील तेव्हा मी ताईकडे जाऊन राहावं. नाहीच जमलं तर शेजारची आजी म्हणून बसावं आणि एक शब्द बोलू नये.

हे वाचून मी उठले आणि गोठ्यात गेले. गाईला बांधलं, सोडलं, परत बांधलं. काय करायला आले होते तेच आठवेना. पहिल्यांदा मारलंस तेव्हा मी तिथे नव्हते. या खेपेला माझी परवानगी मागतोस.

भिंगरीला सांगावं लागलं. तिने पिठातून फोटो काढला होता, आणि उंदराचं पुढे चालेना. ऐकून ती सबंध दुपार गप्प बसली. भिंगरी गप्प म्हणजे दुसऱ्याला ताप आल्यासारखं आहे. मग म्हणाली, "आजी, तू सांगून टाक ना तिला. तुझा काय दोष?" मी म्हटलं, "मी सांगितलं तर तिचं घर मी मोडलं असं होईल. आणि मेलेली सासू परत येऊन घर मोडते, असं तिला आयुष्यभर वाटेल." फोटो मी परत पिठात ठेवला. फोटोवरच्या धुळीने भाकरी खाताना फार करकर होते, पण चालतं.

तर ऐक. ताईकडे मी जाणार नाही. गाय कोण बघणार? गाईसाठी राहते आहे, दुसरं काही डोक्यात आणू नकोस. पण एक शब्द बोलणार नाही. तू माझ्याकडून कधी काही मागितलं नाहीस, किटलीचं झाकणसुद्धा नाही. मागितलंस ते हे मागितलंस. दिलं.

फाटकाची तार काढून टाकली आहे. गंजली होती म्हणून.

शेजारची आजी

२९ डिसेंबर

मास्तर,

हे पत्र भिंगरीच्या मैत्रिणीबरोबर पाठवते आहे. ती तुझ्या शहरात जाते, तुझ्या हातात देईल. फोन तुझी बायको उचलत नाही, आणि मी फोनवर बोलत नाही. फोनवर ओरडलेलं वाया जातं.

काल त्या दोघी आल्या. भिंगरीने त्यांना गाडीने वरच्या गोठ्यापर्यंत नेलं, तिथून खाली पळत यायचं ठरलं. मुंगीला बाबांसारखी किटली हवी होती. तुझी जुनी किटली माळ्यावर होती, मी घासून ठेवली होती. त्यात सकाळचं दूध घातलं. भिंगरी म्हणाली, "पाणी घाल की, सांडलं तरी चालेल." मी म्हटलं, पाणी वेगळं डचमळतं. शिकायचं तर दुधावर शिकायचं.

मी आधीच तोंडात लवंग धरली होती. लवंग चावत राहिलं की तोंड उघडावंसं वाटत नाही, हा माझा अनुभव आहे, फार कमी वेळा वापरलेला. मी ठरवलं होतं, हसायचं, मान हलवायची, दूध द्यायचं, निरोप द्यायचा. फाटकापाशी जायचंसुद्धा नव्हतं. मग फाटक उघडं आहे की नाही बघायला म्हणून गेले. उघडंच होतं. उभी राहिले.

ओढ्याकडून आवाज आला. भिंगरी हसत होती. मग दुसऱ्या कुरणाच्या टोकावर एक लाल टोपी दिसली. मास्तर, तू पहिल्या दिवशी कसा आला होतास आठवतं? किटलीच्या बाजूला वाकडा झालेला, मान खाली, पायांकडे डोळे, किटली अंगापासून लांब आणि प्रत्येक पावलाला दूध उडतंय. तशीच. तोच वाकडा खांदा. मागून तुझी बायको फोन धरून येत होती, चित्र काढत. भिंगरी तिच्याही मागे.

दूध उडालं. गवतावर पांढरा फटकारा दिसला.

मी काही ठरवलं नव्हतं. ऐकतोयस ना? माझ्या तोंडून ते निघालं, लवंगसुद्धा बाहेर उडाली.

"कोपर आवळ, बावळटा! पायांकडे बघू नकोस!"

पलीकडच्या डोंगराने ते परत पाठवलं. माझा आवाज अजून जातो तिथवर, मलाच नवल वाटलं. मी तोंडावर हात ठेवला. पण पोरगी थांबली नाही, घाबरली नाही, रडली नाही. कोपर चटकन बरगडीला चिकटलं, मान वर आली, किटली स्थिर झाली, आणि धावता धावता तिने माझ्याच पट्टीत उलट ओरडून पुरं केलं,

"दूध आपलं नाही, लोकांचं आहे!"

आणि माझ्या बाजूने फाटकातून आत, अंगणातून पलीकडे, कोंबड्यांच्या मधून, एक थेंब न सांडता. अंगणाच्या टोकाला थांबली. वळली. "आजी, तुला बाबांचं कसं येतं?"

मी उडालेली लवंग शोधायला खाली वाकले.

तुझी बायको फाटकात उभी होती. फोन हातात तसाच, पण खाली गेलेला, जमिनीचं चित्र घेत असेल. ती हळू बोलली, जणू कुणी झोपलंय.

"आमच्या घरी ही दुधाचा पेला घेऊन पळाली की हे असंच ओरडतात. शब्दन् शब्द. बावळटासकट. मुलीलाही बावळटाच म्हणतात. मी विचारलं, अहो, आपल्या घरातलं दूध, आपण आणलेलं, ते लोकांचं कसं? तर म्हणतात, सवय." मग ती माझ्याकडे बघत राहिली. नाकाकडे, हातांकडे, मग माझ्या मागे घराकडे.

"फोटो कुठे ठेवलात?" तिने विचारलं.

आता थेट विचारलं त्यावर मी काय करणार? "पिठात," मी म्हटलं.

भिंगरीने आणून दिला. तिने पदराने, नाही, तिला पदर नव्हता, बाहीने पुसला. कान बघितले. कप बघितला. ओट्यावर बसली, त्याच जागी. रडली नाही. मला वाटलं रडेल, मी फडकं शोधत होते. ती एकदम म्हणाली, "वाचून दाखवायचात तुम्ही?"

"दुसरी नापास. दोनदा."

"आणि राजा?"

"तोंड बघितलं आहेस का त्याचं?"

ती हसली. इतकं मोठ्याने हसली की कोंबड्या पळाल्या. मग हसणं मधेच तुटलं, आणि फोटो मांडीवर पालथा घालून ती नदीकडे बघत बसली. मला त्या बसण्याची ओळख आहे. ऑक्टोबरात मी तशीच बसले होते, त्याच ओट्यावर, गाय हंबरत असताना.

मुंगी मधे आली. "म्हणजे तू पुरात गेली नाहीस?"

"नाही. मला पोहता येतं."

"मग बाबांनी असं का सांगितलं?"

भिंगरी म्हणाली, "चल, पुलापर्यंत दूध कोण पोचवणार?" आणि दोघी गेल्या. लोकांचं दूध ना.

काल संध्याकाळपासून तुझा फोन ओट्यावर वाजतो आहे. तुझं नाव उजळतं आणि विझतं. तुझी बायको बघते आणि उचलत नाही. तिच्या मनात काय आहे ते मी विचारलं नाही, आणि तुला सांगून तुझा जीव हलकाही करणार नाही. ती एवढंच म्हणाली, "त्यांनी इथे येऊन सांगू दे. माझ्यासमोर आणि तुमच्यासमोर. तोवर मी इथून हलत नाही." आता आत मुंगीला झोपवते आहे. भिंतीपलीकडून ऐकू येतंय. वरच्या गोठ्यापासून सुटायचं. टाचा टेकायच्या नाहीत. मधला दगड हलतो. फाटकापाशी आई उभी. तिथे पोचली की मुंगी तिला थांबवते आणि म्हणते, "नाही, राजा नाही! नीट सांग!" आणि मग दोघी मिळून ओरडतात. एवढ्याशा घरात. गाय बिचकते.

आपलं जे ठरलं होतं ते मी पाळलं. आपण होऊन एक शब्द बोलले नाही. ओरडले. ओरडण्याबद्दल आपलं काही ठरलं नव्हतं.

आता तू ये. गाडी खिंडीपर्यंत येते, पुढे पायांनी यायचं. वाट तीच आहे, पोट घेऊन जमेल तसा ये. दगड अजून हलतो. काय बोलायचं ते वाटेत ठरवत बसू नकोस, खाली मान घालून येशील आणि पडशील. फाटक उघडं आहे. मी तिथे उभी असेन, आणि हळू जा रे राजा म्हणणार नाही.

आई